परदेशातील अभियांत्रिकी आणि विज्ञान पदवीपूर्वीचे तयारीचे वर्ष : कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

बारावी विज्ञान उत्तीर्ण झाल्यावर परदेशातील विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला थेट प्रवेश मिळेल असे गृहीत धरून कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज या भागांतील अनेक कुटुंबे चौकशीला सुरुवात करतात, आणि मध्ये एक ‘तयारीचे वर्ष’ आहे असे कळले की पहिला प्रश्न येतो, तो म्हणजे मुलाचे वर्ष वाया जाणार का. हे वर्ष वाया जात नाही. मात्र त्याचे स्वरूप समजून न घेता, येथून काहीही तयारी न करता जो विद्यार्थी तेथे पोहोचतो त्याचे एक नव्हे, दोन वर्षे जाऊ शकतात. हा लेख मुख्यतः जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे, कारण तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसल्यामुळे आपल्याकडील मध्यमवर्गीय आणि शेतकरी कुटुंबांचा ओढा तिकडे आहे. ब्रिटन आणि जपान यांच्याविषयी पुढे थोडक्यात लिहिले आहे.

असे वर्ष का ठेवले जाते, हे आधी पाहू. ब्रिटनमध्ये शाळेची शेवटची दोन वर्षे विद्यार्थी तीन किंवा चारच विषय खोलवर शिकतो आणि पदवीचे पहिले वर्ष तेथून पुढे सुरू होते. जर्मनीत ‘आबिटुअर’ ही शालान्त परीक्षा विद्यापीठाचे दार उघडते आणि आपली बारावी तिच्याशी पूर्णपणे समकक्ष मानली जात नाही. त्यात विद्यार्थ्याच्या बुद्धीविषयी कोणताही निर्णय नसतो. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९५७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाची बी.एस्सी. घेऊन केंब्रिजला गेले, तेव्हा त्यांनीही तेथे पुन्हा पदवीच्याच गणित ट्रायपॉसचा अभ्यास केला आणि १९५९ मध्ये त्यात ते सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या वर्गात सर्वप्रथम, ठरले. मागचा पाया नव्या पद्धतीने पुन्हा बांधण्यात कमीपणा नाही, हे पालकांना सांगताना मला हे उदाहरण नेहमी उपयोगी वाटते.

पहिली पायरी : आपली बारावी कोणते दार उघडते ते तपासा

जर्मनीत भारतीय विद्यार्थ्यासमोर साधारण तीन वाटा असतात. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण विद्यार्थ्याला अभियांत्रिकी आणि नैसर्गिक विज्ञानांच्या पदवीसाठी थेट अर्ज करता येतो. बारावीनंतर भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलेल्याला त्याच किंवा जवळच्या विषयात थेट अर्ज करता येतो. फक्त बारावी झालेल्याला ‘स्टुडिएनकोलेग’ या पूर्वतयारी संस्थेत दोन सत्रे शिकून अखेरची पात्रता परीक्षा द्यावी लागते. या परीक्षेचे लांबलचक जर्मन नाव सर्वजण ‘एफएसपी’ असे आखडून घेतात.

आपण यांपैकी कोठे बसतो ते जर्मनीच्या ‘अनाबिन’ या अधिकृत माहितीसंग्रहात आणि ज्या विद्यापीठात जायचे आहे त्याच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावे, कारण नियमांत बदल होतात आणि विद्यापीठागणिक बारकावे असतात. महाराष्ट्र बोर्डाच्या विद्यार्थ्यांनी विषयांच्या निवडीकडे विशेष लक्ष द्यावे. अकरावीत दुसरी भाषा सोडून इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स किंवा पीकशास्त्र असा दोनशे गुणांचा विषय घेण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि सीईटीच्या दृष्टीने तिच्यात काही गैर नाही. परंतु परदेशातील मूल्यमापनात भाषा, गणित आणि विज्ञान या विषयांचा विशिष्ट संच अपेक्षित असतो आणि व्यावसायिक स्वरूपाचा प्रत्येक विषय त्यात धरला जाईलच असे नाही. म्हणून ही तपासणी बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर अकरावीचा प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी व्हायला हवी.

वाट निवडताना

दुसऱ्या वाटेकडे, म्हणजे येथेच पदवीचे एक वर्ष पूर्ण करण्याकडे, कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी अधिक गंभीरपणे पाहावे असे माझे मत आहे. बारावीचा निकाल साधारण मे महिन्यात लागतो, तर जर्मनीतील हिवाळी सत्रासाठी विद्यापीठांची मुदत बहुधा १५ जुलैला संपते आणि अनेक स्टुडिएनकोलेगांची मुदत त्याच्याही आधी संपलेली असते. गुणपत्रिका हाती येणे, कागदपत्रांची पडताळणी, भाषेचे प्रमाणपत्र आणि व्हिसा हे सारे त्या काही आठवड्यांत बसवणे फार थोड्यांना जमते. तेव्हा बहुतेकांनी त्याच वर्षीच्या हिवाळी सत्राचा हट्ट धरू नये. मधला काळ रिकामा ठेवण्यापेक्षा राजाराम महाविद्यालय किंवा विवेकानंद महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी बी.एस्सी.च्या, अथवा शहरातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला प्रवेश घ्यावा आणि सोबत जर्मन शिकावे. वर्ष सर्व विषयांसह नीट पूर्ण झाले तर थेट प्रवेशाची शक्यता खुली होते. मध्येच स्टुडिएनकोलेगची जागा मिळाली तर तीही घेता येते. आणि परदेशाचा विचार सोडावा लागला तरी पदवीचा प्रवास येथे चालू राहतो. या वाटेची अट एवढीच की थेट प्रवेशासाठी जर्मनची पातळी बरीच वरची लागते, बहुधा सी-१ (भाषेच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत चढत जातात) किंवा त्याच्या बरोबरीची, आणि एका वर्षात महाविद्यालय सांभाळून तेथवर पोहोचणे कष्टाचे आहे. सुरुवात अकरावीत झाली असेल तरच ते शक्य कोटीत येते.

स्टुडिएनकोलेगची वाट घेतल्यास कोर्स काळजीपूर्वक निवडावा. अभियांत्रिकी, गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणकशास्त्र यांसाठी टी-कोर्स असतो. जीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र आणि वैद्यक यांसाठी एम-कोर्स. कोर्स ठरला की पुढच्या पदवीचे विषय त्याच्याशी बांधले जातात, म्हणून टी-कोर्स करून नंतर बायोटेक्नॉलॉजीकडे वळू असा बेत करू नये. काही स्टुडिएनकोलेग उपयोजित विज्ञानांच्या उच्चशिक्षण संस्थांशी, म्हणजे ‘फाखहोखशूले’शी, जोडलेली असतात, तेथील परीक्षा साधारणतः त्याच प्रकारच्या संस्थांतील पदवीसाठी चालते, सर्व विद्यापीठांसाठी नव्हे. खासगी संस्थाही पुष्कळ आहेत आणि त्यांचे शुल्क हजारो युरोंत असते. तेथे पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न लेखी विचारावा : अखेरची परीक्षा ही संस्था स्वतः राज्याच्या मान्यतेने घेते, की विद्यार्थ्याला दुसऱ्या ठिकाणी बाहेरून बसावे लागते? उत्तर टाळले गेले तर ती संस्था सोडून द्यावी. सरकारी स्टुडिएनकोलेगच्या अर्जासाठी एजंटची आवश्यकता नसते. अर्ज विद्यापीठाकडे किंवा ‘युनि-असिस्ट’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत विद्यार्थ्यानेच करायचा असतो.

गणित : सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा

स्टुडिएनकोलेगमध्ये जागा मर्यादित असल्यामुळे प्रवेशपरीक्षा असते आणि तांत्रिक कोर्ससाठी तिच्यात जर्मन भाषेबरोबर बहुधा गणितही असते. या परीक्षेतील गणित पाहिल्यावर आपल्या विद्यार्थ्यांना ते सोपे वाटते, आणि तेथेच फसगत होते. अपूर्णांक, घातांक, लॉगॅरिदम, वर्गसमीकरणे, असमानता, त्रिकोणमिती, फलांचे (फंक्शन्सचे) आलेख असा हा भाग नववी ते अकरावीचा असतो. पण तो अनेक ठिकाणी कॅल्क्युलेटरशिवाय, पर्यायांशिवाय आणि पूर्ण पायऱ्या लिहून सोडवायचा असतो.

आपल्याकडच्या सीईटीत गणिताचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे असतात, उत्तर चार पर्यायांतून निवडायचे असते आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्या परीक्षेसाठी पर्याय ताळ्यात बसवून पाहणे, किंमत घालून तपासणे, सूत्र पाठ करून थेट लावणे ही कौशल्ये योग्यच आहेत. परंतु दोन वर्षे फक्त तेवढेच केलेला विद्यार्थी कोऱ्या कागदासमोर अडखळतो. एखादे फल दिले आहे. त्याचा प्रांत सांगा, शून्यस्थाने काढा, कमाल आणि किमान बिंदू शोधा, वक्रता कोठे बदलते ते दाखवा, अनंताकडे जाताना ते कसे वागते ते लिहा आणि शेवटी आलेख काढा, अशी पूर्ण चर्चा जर्मन शाळेत अगदी नेहमीची असते आणि टी-कोर्समध्येही ती गृहीत धरलेली असते. यासाठी आपल्या बोर्डाचे पाठ्यपुस्तक उत्तम साधन आहे. क्लासच्या प्रश्नसंचाआधी पुस्तकातील प्रत्येक प्रकरणाअखेरचा उदाहरणसंग्रह पायरीपायरीने वहीत सोडवावा, आणि ‘म्हणून’, ‘कारण’, ‘यावरून’ हे शब्द उत्तरात प्रत्यक्ष लिहावेत. ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीत महाविद्यालयाची हजेरी नाममात्र ठेवून बोर्डाचा अभ्यास शेवटच्या दोन महिन्यांवर ढकलणाऱ्यांनी हे नुकसान आधीच लक्षात घ्यावे.

लेखनातील संकेतही सवयीचे करावेत. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, म्हणजे आपले दीड ते १,५ असे लिहितात, आणि हजारांच्या गटासाठी बिंदू देतात. भागाकारासाठी दोन उभे टिंब येतात. सराव परीक्षा अनेक स्टुडिएनकोलेगांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य असतात. त्या वेळ लावून सोडवाव्यात आणि गणिताच्या शिक्षकांकडून फक्त उत्तर नव्हे, तर मांडणी तपासून घ्यावी.

भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या बाबतीत पाठ्यक्रम बराचसा ओळखीचा असतो, तेव्हा त्यावर फार लिहित नाही. एकच गोष्ट सांगतो : प्रयोगवही दुसऱ्याची पाहून उतरवू नका. तेथे प्रयोगाचा अहवाल मोजमापातील त्रुटींच्या चर्चेसह स्वतः लिहावा लागतो, आणि व्हर्निअर कॅलिपर प्रत्यक्ष हाताळलेला विद्यार्थी पहिल्याच दिवशी वेगळा ओळखू येतो.

भाषा

इंग्रजी माध्यमाची पदवी जर्मनीत मिळते, पण ती पदव्युत्तर पातळीवर अधिक. बॅचलर पातळीवर, विशेषतः सरकारी विद्यापीठांतील अभियांत्रिकीत, जर्मन हीच शिक्षणाची मुख्य भाषा आहे. स्टुडिएनकोलेगच्या प्रवेशपरीक्षेला बसण्यासाठी कागदोपत्री बी-१ पुरते असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. प्रत्यक्षात बी-२ असलेल्या उमेदवारांशी स्पर्धा होते. बी-२ पर्यंत पोहोचायला ४५ मिनिटांच्या साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात असे गटे इन्स्टिट्यूट मानते. हा आकडा समोर ठेवला की ‘तीन महिन्यांत बी-२’ अशा जाहिरातींचे मूल्य आपोआप कळते.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे आणि खासगी वर्गही आहेत; प्रमाणपत्र परीक्षेसाठी पुण्याचे मॅक्समुलर भवन (गटे इन्स्टिट्यूटचे केंद्र) सोयीचे पडते. अकरावीत ए-१ आणि ए-२, बारावीच्या दिवाळीपर्यंत बी-१, मग फेब्रुवारी-मार्चच्या बोर्ड परीक्षेसाठी खंड, आणि एप्रिलपासून बी-२ हा क्रम पेलण्याजोगा आहे. व्याकरणाच्या सोबतीने विषयाची शब्दावली सुरू करावी. वहीत चार रकाने आखून संकल्पनेचे मराठी नाव, इंग्रजी नाव, जर्मन नाव आणि त्या जर्मन शब्दाचे एक पूर्ण वाक्य लिहीत जावे. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याने वेग, त्वरण, विकलन या कल्पना मराठीतून समजल्या आहेत म्हणून स्वतःला मागे समजू नये. कल्पना पक्की असेल तर तिला आणखी एक नाव जोडणे हे काम मेहनतीचे असले तरी सरळ आहे.

कागदपत्रे

नावाचा प्रश्न महाराष्ट्रात हमखास येतो. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव असते, तर पासपोर्टमध्ये दिलेले नाव आणि आडनाव असे दोन वेगळे रकाने असतात. पासपोर्ट काढताना वडिलांचे नाव ‘दिलेले नाव’ या रकान्यात घालायचे की नाही हे एकदाच विचारपूर्वक ठरवावे आणि भाषेचे प्रमाणपत्र, बँक खाते, अर्ज या सर्वांत पासपोर्टप्रमाणेच नाव ठेवावे. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर तो बोर्डाच्या कोल्हापूर विभागीय मंडळाकडून वेळेत दुरुस्त करून घ्यावा.

भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन विद्यार्थी-व्हिसासाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून ‘एपीएस’ प्रमाणपत्र बंधनकारक झाले आहे. दिल्लीतील एपीएस कार्यालय शैक्षणिक कागदपत्रांची सत्यता पडताळते आणि त्याला काही आठवडे लागतात, म्हणून गुणपत्रिका मिळताच अर्ज करावा.

बारावीच्या गुणांना दुय्यम समजू नये. जर्मन श्रेणीत १,० सर्वोत्तम आणि ४,० ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी असते, आणि आपल्या टक्क्यांचे रूपांतर प्रचलित सूत्राने असे होते : कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करावेत, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेचे गुण यांच्या फरकाने भागावे, तीनने गुणावे आणि एक मिळवावा. शंभरपैकी ८० गुण आणि उत्तीर्णतेची मर्यादा ३५ धरली तर उत्तर सुमारे १,९ येते. पुढे पदवीसाठी अर्ज करताना ही श्रेणी आणि अखेरच्या परीक्षेतील श्रेणी अनेक ठिकाणी एकत्र धरून सरासरी काढतात. म्हणजे ‘सीईटीच महत्त्वाची, बोर्ड नुसते पास व्हायचे’ हा आपल्याकडचा हिशेब या वाटेवर तोट्याचा ठरतो.

पैशांची तजवीज

व्हिसासाठी एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच जमा दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. युरोचा भाव शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सुमारे बारा लाख रुपये. ही रक्कम खर्चून संपत नाही, तेथे पोहोचल्यावर दरमहा विद्यार्थ्याला परत मिळते, पण ती एकरकमी उभी करावी लागते. उसाच्या बिलावर वर्षाचे गणित बसवणाऱ्या कुटुंबांनी कारखान्याचे पैसे कधी हाती येतात आणि व्हिसाची तारीख कधी आहे याचा मेळ आधी घालावा. शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा स्वीकारत नाहीत; घर किंवा बिगरशेती मालमत्ता, अथवा मुदतठेव यांचा विचार करावा लागतो.

सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही या विधानाला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही अशा विद्यार्थ्यांसाठी शुल्क सुरू केले आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी मिळते, बॅचलरसाठी नाही; तिच्या भरवशावर या पातळीचे नियोजन करू नये.

ब्रिटन आणि जपान

ब्रिटनमध्ये काही विद्यापीठे उत्तम गुणांच्या बारावीवर थेट प्रवेश देतात, इतर ठिकाणी ‘फाउंडेशन’ वर्ष करावे लागते. शिक्षण इंग्रजीतून असल्याने भाषेचा भार कमी, पण फाउंडेशनपासूनच शुल्क मोठे. इंग्लंडमध्ये पदवी सहसा तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची असते, हे एकूण खर्च मांडताना धरावे. फाउंडेशननंतर नेमक्या कोणत्या पदवीला, किती गुणांवर प्रवेश निश्चित आहे, ते लेखी घ्यावे. जपान सरकारची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्ती पदवीसाठी साधारण पाच वर्षांची असते आणि त्यातील पहिले वर्ष जपानी भाषेसह पूर्वतयारीचे असते. स्पर्धा कठीण आहे, पण गणित आणि विज्ञान पक्के असलेल्या विद्यार्थ्याने दूतावासाच्या सूचनांवर लक्ष ठेवावे.

तेथे पोहोचल्यावर

स्टुडिएनकोलेगमध्ये आठवड्याला तीसच्या आसपास तासिका असतात आणि त्यांतील मोठा वाटा जर्मनचा असतो. हजेरी पाहिली जाते. अखेरची परीक्षा अनुत्तीर्ण झाल्यास ती साधारणतः एकदाच पुन्हा देता येते, म्हणून पहिल्या सत्रात खर्च भागवण्यासाठी नोकरीचे तास वाढवणे टाळावे. कायद्याने वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येत असले तरी पहिल्या सत्रात तेवढे काम करून अभ्यास निभावत नाही. राहण्याच्या खोलीसाठी विद्यार्थीसेवा संस्थेकडे, म्हणजे ‘श्टुडिरेंडनवेर्क’कडे, प्रवेशपत्र मिळताच नाव नोंदवावे, कारण प्रतीक्षायादी लांब असते.

यंत्र अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांसाठी शेवटची एक सूचना, कारण तिचा लाभ कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला जितका सहज घेता येतो तितका फार थोड्या शहरांतील विद्यार्थ्यांना येतो. अनेक जर्मन विद्यापीठे पदवीपूर्वी किंवा पदवीच्या सुरुवातीच्या काळात काही आठवडे कारखान्यातील प्राथमिक प्रशिक्षण मागतात. त्यात ओतकाम, कानसकाम, टर्निंग, मिलिंग, वेल्डिंग अशी मूलभूत कामे अपेक्षित असतात. शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये ही सर्व कामे रोज चालतात. बारावीनंतरच्या सुट्टीत तेथे काम करावे. पण त्याआधी आपण निवडलेल्या विद्यापीठाचे प्रशिक्षणविषयक नियम डाउनलोड करून भारतातील काम मान्य होते का, किती आठवडे आणि कोणत्या प्रकारचे, हे ई-मेलने विचारून घ्यावे. दर आठवड्याला काय केले याचा एक पानी अहवाल आकृतीसह लिहावा, त्यावर फोरमनची सही घ्यावी, आणि शेवटी कारखान्याच्या लेटरहेडवर तारखा, एकूण तास आणि प्रत्येक विभागातील आठवडे नमूद केलेले इंग्रजी प्रमाणपत्र मालकांकडून शिक्क्यासह घ्यावे.